खुब्याची तक्रार दुसऱ्याच दारात

मे 2012. जर्मनीतल्या मारबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात पंचावन्न वर्षांचा एक माणूस आला. हृदय थकलेलं, पंप करण्याची क्षमता 25 टक्क्यांवर आलेली. अंगात ताप, त्याचं कारण सापडत नव्हतं. थायरॉइड मंदावलेलं, ऐकू येणं जवळजवळ बंद, दृष्टीही चाललेली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मात्र अडथळा नव्हता. हृदयाचा, कानाचा, डोळ्याचा असे सगळे आजार वेगवेगळे वाटत होते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध कुणाला लागत नव्हता. तिथले डॉक्टर युर्गेन शेफर विद्यार्थ्यांना शिकवताना ‘डॉ. हाउस’ या अमेरिकन मालिकेतले भाग वापरत असत. त्यातल्या एका भागात खुबा बदललेल्या बाईला कोबाल्टची विषबाधा होते. शेफरांनी या माणसाचा खुब्याचा इतिहास पाहिला. सिरॅमिकचा सांधा फुटल्यामुळे 2010 मध्ये त्याच्या जागी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवलेली होती. रक्तातलं कोबाल्ट तपासलं, तर ते असायला हवं त्याच्या हजारपट निघालं.

झालं होतं ते असं. फुटलेल्या सिरॅमिकचे बारीक कण मांसात राहून गेले. ते नव्या सांध्यात शिरले, प्लॅस्टिकमध्ये रुतले आणि प्रत्येक पावलाला धातूचा गोळा खरवडत राहिले. सिरॅमिक धातूपेक्षा कितीतरी कठीण असतं. झिजलेला धातू रक्तात गेला आणि तिथून हृदयात, कानात, डोळ्यात पोचला. धातूचा सांधा काढून पुन्हा सिरॅमिकचा बसवल्यावर हृदय बरंचसं सावरलं. कान आणि डोळे फारसे परत आले नाहीत. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही हकिकत छापून आली. तिची बातमी झाली ती मालिकेमुळे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इतक्या डॉक्टरांमध्ये ‘तुमचा खुबा कशाचा आहे?’ असं विचारायचं एकालाच सुचलं.

*

कोबाल्टनं हृदय जातं हे वैद्यकाला नवं नव्हतं. 1965-66 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात बिअर भरपूर पिणारे धट्टेकट्टे पुरुष हृदय फुगून आजारी पडू लागले. पन्नासच्या आसपास लोक आजारी झाले, त्यातले वीसेक दगावले. बिअरचा फेस टिकावा म्हणून कारखान्यात तिच्यात कोबाल्टचा क्षार घालत असत. ते थांबवलं आणि साथही थांबली.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरज-सांगलीच्या भागात ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. खुबा बदलण्याच्या ऑपरेशनवर माझा पूर्ण विश्वास आहे. ‘लॅन्सेट’नेच 2007 मध्ये त्याला ‘शतकाचं ऑपरेशन’ म्हटलं होतं आणि ते मी रोज पाहते. वर्षानुवर्षं रात्री कुशीवर वळता न आलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहतात. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, रक्ताची गुठळी या धोक्यांविषयी डॉक्टर आधी सांगतात आणि घरचेही त्यांच्यावर नजर ठेवतात. ही टिपणं उरलेल्या धोक्यांची आहेत, क्वचित होणाऱ्या. त्यांतले बरेचसे खुब्यात दुखत नाहीत. पोटात, पावलात, छातीत, कानात, नाहीतर स्वभावात दिसतात, आणि माणूस त्या-त्या डॉक्टरकडे जातो. तिथे खुब्याचा विषयच निघत नाही.

*

पोट. ऑपरेशनला तीन-चार दिवस झालेले. आजोबांचं पोट तट्ट फुगलंय, दुखत फारसं नाही. घरचे म्हणतात, ‘गॅस धरलाय.’ ओवा येतो, हिंगाचं पाणी येतं, पोटाला शेक दिला जातो. बहुतेक वेळा तो खरंच गॅस असतो. पण मोठ्या ऑपरेशननंतर, त्यातही खुब्याच्या, वयस्कर माणसाचं मोठं आतडं कधीकधी हालचालच थांबवतं. अडथळा कुठेच नसतो, तरी अडथळा असल्यासारखं आतडं फुगत जातं. सर हेनेज ओगिल्वी यांनी 1948 मध्ये हे प्रथम वर्णिलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखतात. पोटॅशियम कमी झालेलं असलं, वेदनाशामकांत अफूवर्गीय गोळ्या असल्या, माणूस पडूनच असला की शक्यता वाढते. आतड्याची सुरुवातीची पिशवी एक्स-रेत बारा सेंटिमीटरच्या वर फुगलेली दिसली की ती फुटायची भीती असते, आणि फुटली तर जिवावर बेततं.

वेळेत कळलं तर उपाय आहेत. पोटॅशियम भरून काढतात, अफूवर्गीय गोळ्या थांबवतात, रुग्णाला चालतं करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देतात. त्यानं नाडी मंदावू शकते, म्हणून ते मॉनिटर लावूनच द्यायचं. मी नातेवाइकांना एवढंच सांगते की पोट टणक होत असेल आणि वारा सरत नसेल तर उद्याची वाट पाहू नका. ओवा देऊन रात्र काढू नका.

*

चप्पल. पहिल्या भेटीत मी रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगते. अंगठा जागचा हलला नाही, किंवा घरचे म्हणाले की ‘उजव्या पायातली चप्पल सारखी निसटते, त्यांना कळतही नाही’, तर माझं लक्ष खुब्यावरून थेट पावलाकडे जातं. सायटिक नस सांध्याच्या अगदी मागून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली गेली, दाबली गेली, किंवा नंतर रक्त साकळून तिच्यावर भार आला, तर पाऊल वर उचलता येत नाही, लोंबतं. असं शंभरात एखाद्याला होतं. जन्मापासून ज्यांचा खुबा निखळलेला आहे आणि आखूड पाय एकदम खाली ओढून लांब करावा लागतो, त्यांच्यात जास्त. नस परत येते, पण महिने घेते, कधी दीड-दोन वर्षं, आणि प्रत्येकाची पूर्ण येतेच असं नाही. तोवर पावलाला पट्टी लावायची, घोटा आखडू द्यायचा नाही.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ‘अशक्तपणा आहे, येईल ताकद’ असं सांगून या माणसांना महिना-महिना घरी बसवलेलं मी पाहिलं आहे. रक्त साकळून नस दाबली गेली असेल तर ते काही तासांत मोकळं करण्याचं काम असतं.

*

पोटरी सुजली म्हणून गुठळीची औषधं चालू, सोनोग्राफीत मात्र गुठळी नाही. धातूवर धातू घासणाऱ्या काही सांध्यांभोवती धातूच्या कणांमुळे मऊ गाठ तयार होते. कर्करोगाची नव्हे. ती मांडीच्या शिरेवर दाब देते, क्वचित मूत्राशयावरही. त्यामुळे पाय सुजतो किंवा लघवीला वरचेवर जावं लागतं, आणि माणूस त्या-त्या तज्ज्ञाकडे फिरत राहतो.

*

अलास्कातल्या अँकरेजचे डॉ. स्टीफन टॉवर स्वतः सांधे बदलणारे सर्जन. त्यांनी स्वतःचा खुबा बदलून घेतला, धातूवर धातू घासणारा. पुढे कानात आवाज, हातांना कंप, चिडचिड, विचारांचा गोंधळ. रक्तात कोबाल्ट वाढलेलं. सांधा बदलल्यावर ते सुधारले. 2010 मध्ये त्यांनी अमेरिकन सर्जनांच्या नियतकालिकात दोन रुग्णांची हकिकत लिहिली. त्यांतले एक ते स्वतः. शिकलेल्या, हाताशी प्रयोगशाळा असलेल्या सर्जनला स्वतःच्या कंपाचं कारण स्वतःच शोधत बसावं लागलं. मग शिराळ्याच्या वाडीवरच्या माणसानं ‘कानात गुणगुणतंय’ म्हटलं तर ते कुठपर्यंत पोचणार?

*

टॉवर यांचा तो सांधा म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीपाय कंपनीचा एएसआर. त्याची वाटी उथळ होती. ती जराशी तिरकी बसली तरी गोळ्याचा भार कडेवर येई आणि धातू झिजे. ऑस्ट्रेलियात बदललेला जवळजवळ प्रत्येक सांधा राष्ट्रीय नोंदवहीत चढतो. हा सांधा इतरांपेक्षा लवकर काढावा लागतो आहे, हे त्या नोंदवहीनं आधीच दाखवून दिलं होतं. तिथल्या बाजारातून तो डिसेंबर 2009 मध्ये गेला. जगभरातून परत बोलावला गेला ऑगस्ट 2010 मध्ये. तोवर जगात सुमारे 93,000 लोकांच्या शरीरात तो बसला होता. पाच वर्षांत साधारण आठातला एक सांधा पुन्हा काढावा लागतो आहे, असं इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून दिसलं.

भारतात हे सांधे सुमारे 4,700 जणांना बसवले गेले. केंद्र सरकारची समिती नेमली गेली 2017 मध्ये. डॉ. अरुणकुमार अगरवाल तिचे अध्यक्ष. समितीनं शोध घेतला तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा पत्ताच लागेना. 2018 च्या अखेरीस भरपाईचं सूत्र ठरलं, 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत. भरपाईचा आकडा पेपरात ठळक छापून आला. मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या आकड्यानं. साडेतीन हजार माणसं. त्यातली कुणी हृदयाच्या गोळ्या घेत असेल, कुणी कानाचं यंत्र लावून बसलं असेल, आणि आपल्या खुब्याचं नाव त्यांना माहीत नसेल.

स्वीडनची खुब्यांची नोंदवही 1979 पासून आहे, नॉर्वेची 1987 पासून. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेनं 2006 मध्ये सुरू केलेली नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद करणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. हजारात एखाद्याला होणारी गोष्ट एका सर्जनला आयुष्यात एकदा किंवा दोनदा दिसते. त्याला ती योगायोग वाटते आणि त्यात त्याचा दोष नाही. देशभरातले असे एकेकटे रुग्ण एका कागदावर आले, तरच त्यामागचं कारण दिसतं. ही नोंद सक्तीची व्हायला हवी. इतकं साधं काम इतकी वर्षं अडून राहावं, याचं मला मनापासून दुःख आहे.

*

आवाज. सिरॅमिकवर सिरॅमिक घासणारे काही सांधे चालताना करकरतात, तेल न दिलेल्या बिजागरीसारखे. जिना चढताना किंवा वाकून उठताना जास्त. रुग्णाला लाज वाटते, चारचौघांत तो जागचा हलत नाही. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेक वेळा घाबरण्याचं कारण नसतं. पण नव्यानं सुरू झालेला आवाज, त्याबरोबर दुखणं किंवा ‘आत काहीतरी सरकल्यासारखं’ वाटणं, हे एक्स-रे काढण्याचं निमित्त. सिरॅमिक फुटलंच असेल तर मारबुर्गची हकिकत आठवायची. आतले कण शक्य तेवढे धुऊन, खरवडून काढायचे आणि नवा गोळाही सिरॅमिकचाच घालायचा.

सिरॅमिक फुटण्याची एक गोष्ट कारखान्यातली आहे. एका फ्रेंच कंपनीनं 1998 मध्ये झिर्कोनियाचे गोळे भाजण्याची भट्टी बदलली. आधी एकेक घाणा भाजत, नंतर बोगद्यासारख्या भट्टीतून गोळे सलग सरकू लागले. पुढे त्यातल्या काही तुकड्यांचे गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले आणि 2001 मध्ये ते परत बोलावले गेले. कोणत्या रुग्णाला कोणत्या तुकडीतला गोळा बसलाय, हे ज्यांच्याकडे लिहिलेलं होतं त्यांनाच त्या बातमीचा उपयोग झाला.

*

मांसात हाड. ऑपरेशननंतर काहींच्या खुब्याभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होऊ लागतं. थोडंसं असेल तर कळतही नाही, नुसतं एक्स-रेत धुक्यासारखं दिसतं. ब्रूकर यांनी 1973 मध्ये त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. चौथीत नवा खुबा पुन्हा जाम. पाठीचा कणा आखडण्याचा आजार, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, असलेल्यांना धोका जास्त. ही माणसं तरुण असतात आणि मांडी घालता येईल या आशेनंच ऑपरेशनला तयार झालेली असतात. ज्यांना धोका आहे त्यांना काही आठवडे इंडोमेथासिन देतात, किंवा ऑपरेशनच्या आगेमागे एकदाच किरणोत्सर्ग देतात.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. पाय उघडत नाही म्हटल्यावर मालीशवाला बोलावतात, तो मांडीवर गुडघा देऊन पाय फाकवतो. काही ठिकाणी आमच्यातलेही जोर लावतात. हे करू नका. रुग्णानं स्वतःच्या ताकदीनं, दुखण्याच्या अलीकडे थांबून केलेली हालचाल पुरे.

*

आपल्याकडची दोन टिपणं, परदेशी पुस्तकांत ही तळटिपेत असतात.

जखम महिनोन्‌महिने ओलावते, पाणी येतं, नेहमीच्या तपासणीत जंतू उगवत नाही, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात. आपल्या देशात अशा वेळी टीबीची तपासणी मागून घ्यावी. बदललेल्या खुब्याचा टीबी क्वचित होतो, पण होतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो सापडतच नाही, त्याची वेगळी मागणी लिहावी लागते. लवकर कळला तर टीबीच्या (एकेटी) गोळ्यांवर सांधा वाचतोही, कारण इतर जंतू धातूवर जसा चिवट थर धरतात तसा टीबीचा जंतू सहसा धरत नाही.

दुसरं सिकलसेलचं. विदर्भात आणि नंदुरबारकडे या आजारात पंचविशी-तिशीतच खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा खचतो. सांधा बदलावाच लागतो, पण हाड आतून काही ठिकाणी दगडासारखं घट्ट झालेलं असतं, दांडा बसवताना मांडीचं हाड भेदलं जाऊ शकतं. ऑपरेशनच्या वेळी अंग गार पडलं, पाणी कमी पडलं, प्राणवायू घसरला तर सिकलची कळ उसळते, छातीतही. पुढे जंतुसंसर्गाचा धोका इतरांहून जास्त. पुण्या-मुंबईत ऑपरेशनला आलेल्या गडचिरोलीच्या मुलाची सिकलची तपासणी आधी झालेली असलीच पाहिजे.

*

जॉन चार्नली हे इंग्लंडमध्ये लँकेशरच्या रायटिंग्टन रुग्णालयातले सर्जन. आजचा खुबा त्यांचा. 1958 पासून त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. सुरुवातीला रुग्ण खूश. तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजून भुगा झाला आणि भुग्यानं आजूबाजूचं हाड खाल्लं. असे सुमारे तीनशे खुबे. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, गाठी आल्या, ते त्यांनी लिहून छापलं. फसलेल्या रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा स्वतः केली. त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिइथिलीनचा तुकडा यंत्रावर घासून पाहिला, तो जवळजवळ झिजलाच नाही, आणि नोव्हेंबर 1962 मध्ये पहिला तसा खुबा बसला. नंतर चार्नली रुग्णांना सांगत, की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला परत मिळू द्या, कसा झिजला ते पाहायचं आहे. बऱ्याच जणांनी ते मान्य केलं. रुग्ण आणि सर्जन यांच्यात इतकं दीर्घ, इतकं प्रामाणिक नातं असू शकतं, हे मला फार मोठं वाटतं.

*

सगळे उपाय थकले, जंतू हटतच नाही, की सांधा काढून जागा मोकळी ठेवतात. ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावानं हे ऑपरेशन ओळखलं जातं. पाय आखूड होतो, लंगडावं लागतं, काठी सुटत नाही. ऐकायला हा पराभव वाटतो. पण असा पाय वळतो भरपूर. आपल्याकडे टीबीनं खाल्लेल्या खुब्यांसाठी सर्जनांनी हा मार्ग मुद्दाम निवडलेला आहे, कारण त्यानंतर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. माझ्या एका मावशींचा सांधा तिसऱ्या ऑपरेशनला असाच काढला. त्या उंच तळाची चप्पल घालतात, काठी घेतात, आणि विळीवर बसून भाजी चिरतात. नव्या खुब्याला मी स्वतः ज्या बसण्याची मनाई केली असती, त्याच बसण्यात. ‘आता दुखत नाही ना गं, मग झालं,’ म्हणाल्या.

*

फाईल. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमाप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरनं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे. खुबा वीस वर्षं चालतो. चौथ्या वर्षी कान गेला, आठव्या वर्षी हृदय थकलं, तर कोणता सांधा बसवला होता हे विचारायला जाणार कुठे? लहान नर्सिंग होम बंद झालेलं असतं, सर्जन दुसऱ्या गावी गेलेले असतात.

प्रत्येक भागाच्या खोक्यावर चिकटपट्टीचे छोटे कागद येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि तुकडीचा नंबर असतो. एक ऑपरेशनच्या कागदांत लावतात, एक रुग्णाला मिळायला हवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हिप रिप्लेसमेंट’ लिहिलेलं असेल तर परत जाऊन मागा. पावसाळ्यात ओल लागून त्यावरची शाई उडते, म्हणून मी पहिल्याच भेटीत त्याचा फोटो काढते आणि मुलाच्या, सुनेच्या फोनवर पाठवते. सोबत एक ओळ लिहिते: बाजू कोणती, तारीख, गोळा कशाचा, वाटी कशाची, आधीचा सांधा फुटला होता का. हृदयाच्या, कानाच्या, पोटाच्या, कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की आधी हा फोटो दाखवायचा.

आणि कोबाल्ट तपासायची वेळ आलीच, तर प्रयोगशाळेला सूक्ष्म धातूंसाठीची खास नळी आहे का ते आधी विचारा. साध्या नळीत आणि सुईतही धातूचा अंश असतो, त्यामुळे सुईतून आलेलं पहिलं रक्त बाजूला काढून पुढचं त्या नळीत घेतात. ब्रिटनच्या औषध नियामकांनी सीमा धरली आहे ती लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम. त्याच्या वर आकडा आला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि रिपोर्ट खुब्याच्या सर्जनकडे न्यायचा, मग दुखत असो वा नसो.